फुवांनी सोडलेली वळकटी

आमच्या फुवांच्या नाकाला चकवून खांडबारा स्टेशनातून एक गोणसुद्धा कधी सुटली नसेल, हे मी आजही शपथेवर सांगेन. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पन्नास-साठच्या दशकांत ते तिथल्या मालधक्क्यावर मालबाबू होते. समोर आलेल्या प्रत्येक बंद वस्तूला त्यांचा एकच प्रश्न असे, "यान्हा पोटमा काय शे?" मालक काय सांगतो ते ऐकून घेत, आणि मग स्वतः हुंगत, थोपटत, कोपरापर्यंत आत हात घालत. एकदा कापसाच्या गाठीवर गाल टेकून म्हणाले, "हाई मझारथून तापेल शे." व्यापारी हसला. गाठ फोडली तर आतून धूर निघाला, आणि मी तोंडात बोटे घातली. घरी आलेल्या पाहुण्याची पिशवीही सुटत नसे. मी आंबे नेले तर तळापर्यंत चाचपून झाल्यावरच ते "ये, बैस" म्हणत. आत्या कपाळावर हात मारून घेई.

त्यांच्या एकुलत्या मुलीचे लग्न लागून वऱ्हाड परत निघाले, तेव्हा मात्र आमचे धाबे दणाणले. स्टेशनात सामान गाडीत चढत होते आणि व्याह्यांच्या वळकटीपाशी फुवा थबकले. त्यांना फटाक्यांच्या दारूचा वास आला होता. पण मुलीच्या बापाने व्याह्याच्या सामानाला हात लावायचा नसतो. लावला तर सासरी मुलीला काय काय ऐकावे लागेल, हे काय सांगायला हवे? आत्या डोळ्यांनीच विनवत होती.

"व्याही, यान्हा पोटमा काय शे?"

"पांघरुनं शेतस," व्याही गुरकावले. "आते आमनं सामान सोडशात का?"

फुवांनी डोक्यावरची टोपी काढून व्याह्यांच्या पायांवर ठेवली. "मन्ही पोर बी याच गाडीमा बसनार शे," ते म्हणाले, आणि बोडक्या डोक्याने वळकटी सोडली. आत वरातीतले उरलेले फटाके निघाले, व्याह्यांनी पुढच्या लग्नासाठी जपून ठेवलेले, आणि त्या फटाक्यांच्या उशाला काडेपेट्या.

फटाके धक्क्यावर राहिले, गाडी गेली. व्याह्यांनी पहिल्या दिवाळीला मुलीला माहेरी पाठवले नाही. फुवा त्या दिवाळीत मालधक्क्यावरच बसून राहिले.

उन्हाळ्यात व्याही स्वतःच तिला घेऊन आले. उंबऱ्याशी थांबून आपली पिशवी उघडून त्यांनी पुढे धरली. फुवांनी कोपरापर्यंत हात घातला आणि दोघेही हसले. मग तो रिवाजच पडला.

फुवा गेले तेव्हाही व्याही आले. सवयीने पिशवी उघडून उंबऱ्याशी उभे राहिले, आणि तसेच उभे होते. शेवटी आत्या उठली आणि तिने पिशवीत कोपरापर्यंत हात घातला.