चिंध्यांनी भरलेला खड्डा

मी शिकलो ते मामांमुळे. वडील गेल्यावर त्यांनी माझी शाळा सुटू दिली नाही. सुरतेत डिंडोलीला राहून ते कापडाच्या कारखान्यात लूम चालवत आणि माझी फी गावी पाठवत. "तू शिक रे भाचा, बाकीनं मी दखी लिसू," एवढंच म्हणत, आणि बाकीचं सगळं त्यांनी खरंच बघून घेतलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मला सुरतेत नोकरी लागली तेव्हा आपलं घर माझ्या हाती देऊन ते आणि मामी गावी परतले. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत, फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणून मी त्यांना पत्रं लिहितो.

यंदा बायकोला सहावा महिना लागला आणि पाण्याला वास येऊ लागला. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळीच येतं, ते दारापुढच्या ओट्याखाली जमिनीत बांधलेल्या टाकीत साठवायचं आणि मोटरने वर चढवायचं. टाकी धुवायची राहिली असेल म्हणून मी आत उतरून घासली. पण भिंतीच्या एका कोपऱ्यातून काळपट ओघळ पुन्हा उतरला. वास संडासाचा होता. तोंडाने तसं म्हणायला मी धजत नव्हतो.

मग तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी पाण्याचंच विचारलं. "या दिवसांत कावीळ झाली तर आई आणि बाळ, दोघांच्या जिवाला धोका असतो," त्या म्हणाल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. घरी येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी सारखा तिच्या श्वासाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने टाकीजवळची फरशी फोडली. पहारीला चिकटून कापड वर आलं. लाल, हिरवं, जरीचे काठ, सगळं घाणीने निथळणारं.

"भाऊ, खाली साडीचं गोडाऊन आहे का?"

दारात नाकाला पदर लावून उभी असलेली बायको म्हणाली, "मामांनी माझ्या डोहाळजेवणाची साडी आधीच पुरून ठेवली होती वाटतं!"

मला हसता आलं नाही. गल्लीत गटाराची लाईन आली तेव्हा घराघरातले संडासाचे जुने खड्डे निकामी झाले. लोकांनी ते विटा-मातीच्या मलब्याने भरले. मामांनी आपला खड्डा साड्यांच्या मार्केटमधून कटिंगच्या चिंध्यांची पोती आणून भरला, कारण चिंध्या फुकट मिळत. आता वरचा गटाराचा पाइप तडकला होता. गळणारं सगळं त्या कापडाने पिऊन टाकीच्या भिंतीशी धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कावीळ नव्हती. मी हात जोडले, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता नाही. लक्षणं दिसायला काही आठवडेही लागतात. पाणी उकळून प्या, डोळ्यांवर लक्ष ठेवा."

तेव्हापासून रोज सकाळी मी तिला खिडकीशी उभी करतो आणि पापणी ओढून बघतो. "चष्मा बदला आधी, तुम्हाला सगळं पिवळंच दिसतंय," ती म्हणते. पण तीही श्वास रोखून उभी असते.

अशाच एका सकाळी मला मामांचं जुनं बोलणं आठवलं. खड्डा भरायची ही युक्ती त्यांनी शेजाऱ्यांनाही शिकवली होती आणि ते कौतुकाने सांगत. त्याच दिवशी मी पत्र टाकलं.

"तीर्थरूप मामांस नमस्कार.

सूनबाईची तब्येत आज बरी आहे. पुढचं अजून सांगता येत नाही. आपल्या खड्ड्यातल्या चिंध्यांतून घाण टाकीत उतरली. सगळं उपसलं, पाइप नवा टाकला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे लिहू नये असं वाटत होतं. पण तुम्ही गल्लीत आणखी कोणाकोणाचे खड्डे असे भरून दिलेत, ते मला लगेच कळायला हवं आहे. त्या घरांतही लहान मुलं आहेत. तुमचं नाव मी कुठे घेणार नाही. मी फक्त त्यांना टाकी उघडून बघायला सांगेन.

मामींना नमस्कार. उत्तर गावाहून सुरतेला येणाऱ्या माणसाच्या हाती द्या, पोस्टाची वाट बघू नका.

तुमचा भाचा."