दाबून ठेवलेला अर्ज

जालन्याच्या शाळेत आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो. मी तीर्थपुरीचा, शेतकऱ्याच्या घरचा. तो हसनाबादचा, त्याचे वडील तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून होतं, त्यामुळे दोघांचीही सुरुवात सारखीच अडखळत झाली. पण पहिला नंबर त्याचा आला आणि दुसरा माझा. एखाद्या वर्षी असं झालं असतं तर मी विसरून गेलो असतो. मॅट्रिकपर्यंत दर वर्षी तेच झालं. निकालाच्या दिवशी तो माझ्या खांद्यावर हात टाकून चालायचा, आणि तो हात मला जड लागायचा.

पुढं हैदराबादला विद्यापीठात गेलो तेव्हा मला खरं तर इतिहास घ्यायचा होता. त्यानं राज्यशास्त्र घेतलं म्हणून मीही घेतलं. त्या विषयाला तिथं सियासियात म्हणत. वसतिगृहात एकच खोली, एकच कंदील. मी गावाकडच्या गोष्टी सांगायचो आणि तो गुडघ्यांना मिठी घालून ऐकायचा. तेव्हा मला वाटायचं, एवढ्या बाबतीत तरी हा माझ्यामागं आहे. त्याला गाव माहीत नाही.

एम. ए. झाल्यावर आम्ही हैदराबादमधल्याच एका कॉलेजात लागलो, तो आधी आणि मी वर्षानं. त्याच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलं दाराशी उभी राहायची. माझ्या तासाला मुलं नीट बसत, नीट लिहून घेत आणि घंटा झाली की उठून जात. एकदा मी व्हरांड्यातून जाताना त्याचा आवाज कानावर आला म्हणून थांबलो. सत्ता म्हणजे काय, हे तो शिकवत होता. उदाहरण होतं तीर्थपुरीच्या बाजाराचं. बाजाराच्या दिवशी कुठल्या बागवानानं कुठं बसायचं, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. मग कुणाच्या शब्दानं ती जागा ठरते आणि तो शब्द सगळे का मानतात, असं तो विचारत होता. त्यानं माझ्या गावाचा बाजार तोवर कधी पाहिलेला नव्हता. सगळं मी सांगितलेलं होतं. मला मात्र ते वर्गात सांगायचं कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी माझा तास पाच मिनिटं आधीच संपवला.

माझं अक्षर चांगलं होतं आणि उर्दू मसुदा मी चोख लिहायचो. प्रिन्सिपॉल साहेबांनी ते हेरलं. आधी वसतिगृहाचं काम दिलं, मग परीक्षांचं, मग हळूहळू सगळं दफ्तरच माझ्याकडं आलं. बदली, बढती, रजा, कुठलाही कागद माझ्या शेऱ्याशिवाय पुढं जाईनासा झाला. शिकवण्याचे तास कमी झाले, त्याचं मला वाईट वाटलं नाही. लोक दारात उभे राहून आत येऊ का विचारायचे. तोही विचारायचा. ते मला आवडायचं.

असाच एक दिवस तो अर्ज घेऊन आला. त्याला वर्षभराची अभ्यासरजा हवी होती. आपल्याकडच्या खेड्यांत, अंबड आणि भोकरदनकडच्या गावांत, भांडणं कशी मिटवतात, पंच कोण होतात, त्यांचं का ऐकतात, हे फिरून विचारायचं आणि त्यावर ग्रंथ लिहायचा, असा त्याचा बेत होता. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. एवढंच करून दे, बाकी मी बघतो, असं म्हणून तो गेला.

मी तो अर्ज दोनदा वाचला. इतका साधा आणि इतका मोठा विषय, आणि तो माझ्या दारातून उचललेला. मी अर्ज नामंजूर करायला सुचवलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी शेरा लिहिला की गावोगाव फिरून राज्यकारभाराविषयी विचारपूस करणं हा नाजूक मामला आहे, तरी वरच्या खात्याची राय घेतलेली बरी. शेरा बिलकुल कायद्याला धरून होता. त्यावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. वरून कागद परत यायला वर्ष लागेल, हे मला ठाऊक होतं.

तो मात्र थांबला नाही. सुट्ट्यांमध्येच काम सुरू केलं. उन्हाळ्यात म्हणाला, तीर्थपुरीपासून सुरुवात करू, तू सोबत चल. नाही कसं म्हणणार? जालन्यापर्यंत रेल्वे, पुढं अंबडपर्यंत मोटार आणि तिथून बैलगाडी. वाटेत त्यानं दोनदा माझे आभार मानले, अर्जामागं लागलायस म्हणून. मी बैलांकडं बघत राहिलो.

माझे वडील कमी बोलणारे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी प्रोफेसर झालो तेव्हाही त्यांनी, बरं झालं, एवढंच म्हटलं होतं. माझ्या कामाविषयी त्यांनी मला आणि शेतीविषयी मी त्यांना कधी काही विचारलं नाही. ह्यानं पहिल्याच दिवशी त्यांना आबा म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोघं खळ्यावर बाभळीच्या सावलीत बसलेले. ह्याच्या मांडीवर वही, आणि आबा बोलत होते. तीन दिवस आबा बोलले. इतके शब्द मी त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मीही जवळ जाऊन बसलो. आबा विहिरीच्या भांडणाचं सांगत होते. दोन सख्खे भाऊ, सामाईक विहीर, मोटेच्या पाळीवरून हातघाईवर आलेले. पंचांनी पाळी वाटून दिली तरी भांडण मिटेना. शेवटी एका म्हाताऱ्या पंचानं निवाडा केला की एक हंगाम थोरल्यानं मोट हाकून धाकट्याचं रान भिजवायचं आणि धाकट्यानं थोरल्याचं. आबा म्हणाले, "ज्याचं पीक त्याच्या हातात न्हाई, दुसऱ्याच्या हातात. मंग कोन कोनाचं वाळू देईल?" ह्यानं विचारलं, ते भाऊ कोण होते. आबा हसले आणि म्हणाले, "थोरला मी."

लहानपणी मी काकांना आमच्या रानात मोट हाकताना पाहिलं होतं. केवढी माया आहे काकांची, असं वाटायचं. घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं. आणि आज परक्या माणसानं एक प्रश्न विचारला आणि माझ्याच घरची गोष्ट मला त्याच्या वहीमार्गे कळली. तो नदीकाठाला शहागडला कुणाला तरी भेटायला गेल्यावर मी आबांना विचारलं की हे मला का सांगितलं नाही. आबा दावं वळत होते. मान वर न करता म्हणाले, "तू कधी इचारलंच न्हाईस."

पावसाळ्यात आम्ही हैदराबादला परतलो तर वरच्या खात्याचं उत्तर येऊन पडलेलं. हरकत नाही, असं साफ लिहिलेलं. तो कागद प्रिन्सिपॉल साहेबांपुढं ठेवला असता तर त्याच दिवशी सही झाली असती. मी तो मिसलीला, म्हणजे त्याच्या अर्जाच्या फायलीला, लावला आणि मिसल कपाटात खाली ठेवली. वर दुसऱ्या मिसली आल्या. त्यानं मधून मधून विचारलं. मी सांगितलं, चालू आहे. पहिला शेरा लिहिताना मी स्वतःला कायदा सांगितला होता. दुसऱ्या वेळी सांगायला काही नव्हतं. खळ्यावरचे ते दोघं डोळ्यांपुढं यायचे आणि हात कपाटाकडं जायचा नाही.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. तो सुट्ट्यांमध्ये फिरत राहिला, वह्या भरत राहिला. मग हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आमचं संस्थान बाहेर राहिलं आणि रझाकारांचे दिवस आले. त्यानं राजीनामा दिला आणि निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं निघाला. जायच्या आदल्या दिवशी एक पत्र्याची पेटी माझ्या घरी आणून ठेवली. वह्या आहेत, जपून ठेव, म्हणाला. मी राजीनामा दिला नाही. त्याचाही हेवा वाटला, की ह्याला जाणं किती सोपं.

आठ दिवस मी पेटीला हात लावला नाही. मग उघडली. हसनाबादच्या, शहागडच्या, तीर्थपुरीच्या वह्या. विहिरीची गोष्ट आबांच्याच शब्दांत उतरवलेली. पानं उलटता उलटता दोन वर्षांपूर्वीच्या एका वहीच्या शेवटच्या पानावर मला माझाच शेरा दिसला. शब्द न् शब्द. त्याखाली वरच्या खात्याचं उत्तर आणि ते कॉलेजात आल्याची तारीख. दफ्तरातल्याच कुणी त्याला दाखवलं असणार. खाली त्यानं स्वतःचं काही लिहिलं नव्हतं. म्हणजे गेली दोन वर्षं, चालू आहे असं मी म्हणत होतो आणि तो बरं म्हणत होता, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

पोलीस ॲक्शन झाल्यावर महिनाभरानं तो परत आला. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा झालेला. मी चहा ठेवायला सांगितलं आणि चहा येण्याआधीच अर्जाचं सांगून टाकलं. त्यानं माहीत असल्यासारखी मान हलवली. मी विचारलं, मग वह्या माझ्याकडं का ठेवल्यास?

तो म्हणाला, "तू कागद फाडणारा नाहीस. दाबणारा आहेस. मला त्या सहीसलामत पाहिजे होत्या."

चहा आला. त्यानं तो पूर्ण प्याला, पेटी उचलली आणि गेला. त्यानंतर त्याचं एकच पत्र आलं, एक वही कमी आहे का ते विचारणारं. त्यात मला तुम्ही म्हटलेलं होतं. वही कमी नव्हती, मोजण्यात त्याची चूक होती. मी तसं कळवलं. मीही तुम्ही लिहिलं.

मी दफ्तराचं काम सोडलं. प्रिन्सिपॉल साहेबांना वाटलं, बदललेल्या दिवसांना घाबरलो. हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा एक कोरी वही नेली. आबांपाशी बसून म्हटलं, पंचांचं मलाही सांगा. आबा म्हणाले, "ते मास्तरला सगळं सांगितलंय. त्याच्या वहीत असंल."

मला उठून जावंसं वाटलं, पण बसून राहिलो. थोड्या वेळानं विचारलं की त्या हंगामात घरात काय चाललं होतं, आई आणि काकू एकमेकींशी बोलायच्या का. आबा म्हणाले की ते मला काय ठाऊक, तुझ्या मायला इचार.

आई अंगणात मिरच्यांचे देठ काढत होती. विचारल्यावर आधी हसली, मग पदर सावरून सांगायला लागली. निवाडा पंचांनी केला म्हणतात, पण त्या म्हाताऱ्याला गाठून ती युक्ती सांगणाऱ्या ह्या दोघी जावा होत्या. पाणवठ्यावर ठरवलं होतं दोघींनी. मी भराभर लिहून घेत होतो. आईच्या गोष्टीचा आनंद नंतर झाला. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की हे त्याच्या वहीत नाही.