बाहेरची पेटी

मिस्त्री भिंतीकडे बघताना आधी खाली बघत. टीव्हीचा पडदा कुठे शोभेल ते गिऱ्हाईक सांगे. तो बिघडल्यावर माणूस कुठे उभा राहील, ते मिस्त्री शोधत.

नारपोलीत कापडाचे लूम दुरुस्त करण्यात त्यांची निम्मी हयात गेली. पुढे दुकानांत, दवाखान्यांत डिजिटल पडदे बसवायचं काम आम्ही दोघांनी सुरू केलं. संगणकाचं मी बघायचे, भिंतीचं ते. मिस्त्री राहायला दिघाशीला, बोलणंही तिथलंच. पडदा चालवणारा संगणक टीव्हीच्या आतलाच घ्यायचा की बाहेर वेगळी पेटी लावायची, यावर आमचं कायम वाजायचं. "पोरी, पेटी हाताशी पायजे," ते म्हणत. "लूम बंद पडला त मी काय छपरावर चढत व्हतो?"

पडघ्याच्या एका गोदामात ट्रकचे नंबर दाखवणारा मोठा पडदा लावायचा होता, जमिनीपासून पंधरा फुटांवर. मी आत संगणक असलेलाच निवडला. वायरी कमी, दिसायला सुबक. मिस्त्रींनी एकदाच विचारलं, "आन् अडकला त?"

"ऑफिसात बसून सुरू करता येतो, मिस्त्री."

त्यांनी ड्रिल उचललं आणि भोकं पाडायला लागले.

उन्हाळ्यात नवं सॉफ्टवेअर भरताना पडदा मध्येच अडकला. ऑफिसातून काही केल्या हलेना. वर चढून टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह लावणं भाग होतं. मी शिडीवर पाय ठेवला, तर त्यांनी मला मागे ओढलं. "न्हाय. तू खाली धर."

मी धरली. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर अक्षरं उमटली, "आलं, आलं!" म्हणून मी ओरडलेही. उतरायला वळताना त्यांचा पाय सटकला.

तीन दिवस ते शुद्धीवर आलेच नाहीत. चूक माझी होती, हे मी पुन्हापुन्हा त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

बारावं झाल्यावर मी मिस्त्रींच्या बायकोसमोर, काकूंसमोर जाऊन बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "पडताना काय बोलले ते?"

"'पोरी, बाजूला हो,' म्हणाले."

"मंग झालीस ना?"

"झाले, काकू. शिडी सोडली मी."

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला.

"बरं झालं," काकू म्हणाल्या.