बगळ्याची मान

गल्लीत तिला सगळे काचमावशी म्हणत. मागच्या खोलीत टेबलावर बर्नर, कोपऱ्यात छोटी भट्टी. प्रयोगशाळेतली भांडी ज्या उष्णता सोसणाऱ्या काचेची करतात, त्याच काचेच्या कांड्या ज्योतीत मऊ करून ती कानातली, लोलक, पक्षी घडवायची. या काचेचा हट्ट एकच: ज्योतीत असेपर्यंत तिला फिरवत ठेवायचं. हात थांबला की ओघळलीच.

एका सकाळी मावशी न्हाणीघरात घसरली आणि डावं मनगट मोडलं. कांडी फिरवायचा नेमका तोच हात. प्लास्टर निघालं, तरी मनगट वळेना.

लेक म्हणाली, "आई, आता बास कर. खूप केलंस."

"बास कधी, ते मी ठरवीन."

वाचनालयाला काचेचा बगळा करून द्यायचं तिनं कबूल केलं होतं, आणि शब्द फिरवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं नवऱ्याला ज्योतीपासून डोळे जपणारा काळा चष्मा देऊन शेजारी बसवलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. हात स्थिर, तोंड मात्र नाही.

"फिरवा."

"फिरवतोय की!"

"अहो, ते बसचं चाक नव्हे. चिमटीत धरा. अलगद."

पहिली मान दुधीसारखी फुगली. दुसऱ्या वेळी त्याला शिंक आली आणि मान खाली लोंबली.

"झोपला गं तुझा बगळा!"

मावशीनं डोळे वटारले, पण हसू काही आवरेना. मग दोघांनी काळे चष्मे पुन्हा चढवले. हळूहळू त्याची बोटं रुळली. तो फिरवायचा, ती चिमट्यानं ओढायची. एक बगळा जमलाही, पण चोच किंचित वाकडी.

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! नवी कांडी घ्या."

त्यानं ती चिमटीत धरली. पुढचा बगळा तडा जाऊ नये म्हणून रात्रभर भट्टीत सावकाश निवला. सकाळी मावशीनं भट्टीचं दार उघडलं, बोटानं मान चाचपली. कुठंही तडा नव्हता. ती खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसले.

बगळा वाचनालयात गेला. पुढं मनगट थोडं सुधारलं, कानातली ती एकटी करू लागली. मोठं काम मात्र दोघांचं. परवा तिनं हरणाचं चित्र त्याच्यापुढं ठेवलं.

"अगं, याला शिंगं केवढी!"

"म्हणून तर लवकर बसायचं," म्हणत तिनं बर्नर पेटवला.