मामा हळदीला का आला नाही

केसरीनाथ माझा धाकटा भाऊ. अंजूरला खाडीच्या अंगाला आमची भातशेती होती, तिथे आता त्याचे गोदामाचे गाळे उभे आहेत. मनाने सोन्यासारखा, पण हात घाऊक. कांदे आणले तर गोणी, आंबे आणले तर पेट्या. एक वस्तू, एक नग, असं त्याला जमतच नाही.

त्याची मुलगी मृणाली पंधरा वर्षांची. लहानपणी भेळ संपली की भेळेचा कागद वाचत बसायची. आठवीनंतर कुठे बिनसलं कोण जाणे, पोरीचं वाचन सुटलं आणि बोलणंही. बापाने काहीही विचारलं तरी उत्तरं दोनच, "हं" आणि "नको". केसरीनाथने त्याचा जिवाला घोर लावून घेतला. माझ्याकडे येऊन म्हणायचा, "आक्का, घरात भाडेकरू ठेवल्यासारखा वाटतो गं."

एकदा त्याने विचारलं, "पुस्तकं का वाचत न्हाय तू?"

"लहान मुलांची बाळबोध असतात, मोठ्यांची बोअर. आणि माझ्या वयाची सगळी नुसता उपदेश करतात."

वर्षभरात ती बापाशी एवढं पहिल्यांदाच बोलली होती. झालं, गडी पेटला. भिवंडीतल्या दुकानांत हिंडला, पण 'मुलगी दहावीला' म्हटलं की दुकानदार समोर गाइडचा ढीग मांडायचा. मग त्याने गाळेवाल्याची अक्कल चालवली आणि लॉट उचलला. ऑनलाइन मागवलेला माल लोक परत पाठवतात, तो अंजूरच्या गाळ्यांत येऊन पडतो आणि तसाच पेट्यापेट्यांनी विकला जातो. पेटी बंदच घ्यायची, आत काय निघेल ते आपलं नशीब. याने पुस्तकांच्या पेट्यांचा अख्खा टेम्पो रिकामा करून घेतला.

पेट्या फोडल्या तेव्हा मी तिथेच होते. माझे डोळे पांढरे झाले. बाळंतिणीचा आहार, तलाठी भरतीची तयारी आणि गेल्या सालचं राशिभविष्य, तेही गठ्ठ्यांनी! गोष्टीची पुस्तकं त्यात मिठाएवढी. त्यातली पाच याने ऐटीत लेकीपुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत पाचही परत.

"पप्पा, सगळ्यांत शेवटी मुलगी शहाणी होते."

दुसऱ्या कोणी ढीग रद्दीत घातला असता. हा मला म्हणतो, "मासली घेताना कल्ला उघडून बघतेस का न्हाय? मग मी न वाचताच पोरीला कसा देत होतो?"

सातवी शिकलेला माणूस, ओळीखाली बोट धरून वाचणारा! मी म्हटलं, "साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी पन्नाशीतच गेली रे." पण तो रोज दुपारी गाळ्यात जाऊन बसू लागला.

अशात माझ्या प्रितेशची हळद आली. आमच्यात हळदीला नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचवायचा मान मामाचा. मामा रुसला तर त्याच्या पाया पडून आणतात, पण मामाशिवाय हळद आम्ही ऐकलेली नाही. दिवेलागण झाली, मांडव भरला, वाजंत्री लागली, आणि मामाचा पत्ता नाही. फोन बंद. भावजय तुळजा म्हणाली, खुर्च्या आणायला दुपारीच गाळ्यावर गेलेत. पेट्यांची थप्पी अंगावर पडली की काय! अंगाला हळद तशीच, मी मृणालीला घेऊन धावत सुटले.

गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले आणि जागीच थिजले. माझा भाऊ नव्या कुर्त्यात, बाळंतिणीच्या आहारावर बसून, डोळे पुसत पुस्तक वाचत होता. कव्हर फाटलेलं, नावसुद्धा नाही.

"मेल्या!" मी ओरडलेच. "तिकडे भाचा खोळंबलाय आणि तू इथं रडतोस?"

तो दचकला. "आक्का, वेळ झाला काय? बघ ना, या पोरीनं बापाचा टेम्पो पळवला. सोळा वर्षांची हाय, लायसन न्हाय, आणि घाटात उतरणीला गाडी न्यूट्रलला टाकते! मरंल ना ती!"

मला हसावं की रडावं कळेना. जन्मात पहिल्यांदा मला माझा भाऊ अनोळखी वाटला.

मृणालीने मोबाइल खाली केला. "का पळाली ती?"

केसरीनाथ पुस्तकाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बापाला वाटते, ती बोलत न्हाय. आणि ती म्हणते, बाप इचारते ते नुसता जेवली काय, अभ्यास झाला काय. तिचा काय चाललाय ते कधी इचारतच न्हाय."

दुरून आमच्याच मांडवातली वाजंत्री ऐकू येत होती.

"मग? शेवटी शहाणी होते?" पोरीने विचारलं.

"मना काय म्हाईत? अजून घाटातच हाय ती." तो उठला, पुस्तक तिच्यापुढे धरलं. "घे, तू वाच. मना जायला पायजे. मामा हाय मी."

तिने पुस्तक घेतलं नाही. त्याच्या कुर्त्याची बाही धरली. "पप्पा, जाऊ नका ना. तुम्हीच वाचा. पहिल्यापासून."

बालवाडीच्या दारात सोडताना ही पोर त्याला असं म्हणाली होती. त्यानंतर आजच. केसरीनाथने माझ्याकडे पाहिलं. मोठा आडदांड माणूस, पण डोळ्यांत नुसती विनवणी.

नवरदेवाची आई मी, रागाने माझा जीव जळत होता. तरी मी वाकून शटरबाहेर आले आणि एकटीच मांडवाकडे निघाले.

मला पाहताच वाजंत्री थांबली. प्रितेश पाटावरून उठून उभा राहिला. सगळा गाव माझ्या मागे बघत होता.

"मामा कुठं हाय?" कोणीतरी विचारलं.

"येत न्हाय," मी म्हटलं. "त्याची पोरगी त्याच्याशी बोलते हाय."