गाळलेला म्हातारा

आमच्या घरात सिनेमाला बंदी होती. ती आत्यांनी घातली होती आणि कारण एकच होतं: सिनेमात बाया नाचतात. वडील या बाबतीत मत देत नसत.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरलं तेव्हा हा प्रश्न निकडीचा झाला. आमच्या कुंभकोणमला त्या वेळी एक तमिळ चित्रपट जोरात चालला होता. त्यातली गाणी कॉफीच्या दुकानांतून दिवसभर वाजत. अक्काला ती सगळी पाठ होती. चित्रपट मात्र पाहिलेला नव्हता. सासर सुंदरपेरुमाळ कोयिल गावचं, शेतीवाल्यांचं. तिथल्या सासूबाई सिनेमाचं नावही काढू देत नाहीत, अशी पक्की माहिती होती. म्हणजे जे काय पाहायचं ते लग्नाआधी.

मार्ग मी काढला. त्याच सुमारास रविवारच्या सकाळच्या खेळाला एक इंग्रजी चित्रपट लागला. तो ज्या कादंबरीवरून काढला होता ती मी कॉलेजच्या ग्रंथालयातून पुन्हा पुन्हा आणून वाचली होती. तिच्यात एकही बाई नव्हती. एका डोंगरावरच्या वेधशाळेत तीन म्हातारे राहतात. दूरच्या एका ताऱ्याकडून त्यांना खुणेचे ठोके ऐकू येतात. ते उलट ठोके पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. उत्तराला कित्येक वर्षं लागणार असतात. वाट बघता बघता एक म्हातारा जातो, मग दुसरा. उत्तर येतं तेव्हा तिसराच उरलेला असतो, आणि तोवर तो ठार बहिरा झालेला असतो. तो यंत्रावर तळहात ठेवून ठोके ओळखतो. कादंबरी तिथे संपते.

असा निरुपद्रवी चित्रपट आत्यांना दाखवावा, त्यांची भीती मोडावी आणि मग अक्काचा अर्ज पुढे करावा, असा बेत होता.

आत्यांची एक अट असे. कथा आधी सांगायची. मरुदानल्लूरला भजनाला जातानाही त्या कथा मनात घोळवून जात. माहीत नसलेली कथा ऐकायला जायचंच कशाला? माहीत असली म्हणजे गाणाऱ्यानं कोणता चरण गिळला ते कळतं. त्यामुळे मी काही दुपारी, त्या डाळ निवडत असताना, ती कादंबरी पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात जपलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत सांगितली. वेधशाळेचं ‘तारे बघण्याचं घर’ झालं.

“बाई नाही ना?”

“एकही नाही, आत्या.”

“मग स्वयंपाक कोण करतो?”

“ते लिहिलेलं नाही.”

“तीन पुरुष, इतकी वर्षं, आणि स्वयंपाक कोण करतो ते लिहिलं नाही! मोठा विद्वान दिसतो लिहिणारा.”

पण बहिऱ्या म्हाताऱ्याशी आल्यावर त्यांचे हात थांबले. तो भाग त्यांनी पुन्हा सांगायला लावला.

थिएटरात बायकांची बाजू वेगळी होती. मध्ये बुटकी भिंत. अक्का आणि आत्या पलीकडे बसल्या, मी अलीकडे. दिवे गेले. पडद्यावर डोंगर आला, वेधशाळा आली, आणि वेधशाळेच्या पायऱ्या चढत पाटलोण घातलेली एक तरुण मुलगी आली.

ती एका म्हाताऱ्याची लेक होती. म्हातारे दोनच होते, आणि तेही फारसे म्हातारे नव्हते. तिसरा नव्हताच, त्याच्या जागी ही होती. ताऱ्याचं उत्तर तिच्या हातातली कॉफी गार व्हायच्या आत आलं. पाठोपाठ तिकडचं विमान उतरलं आणि गोळीबार सुरू झाला.

भिंतीपलीकडून आत्यांचा आवाज आला, बाहेर बोलायच्या तमिळमध्ये नव्हे, घरच्या मराठीत. “तिसरा कोठे आहे?”

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तमिळमध्ये विचारलं, “त्या बाई काय म्हणतात?”

“त्यांचं कोणीतरी हरवलंय.”

“कोण?”

“एक म्हातारा.”

त्यांनी बाकाखाली वाकून पाहिलं.

मध्यंतरात दोघी मला दाराशी भेटल्या. अक्काचा चेहरा उतरला होता. “संपलं सगळं,” ती कुजबुजली. “पाटलोण!”

आत्यांची तक्रार पाटलोणीची नव्हती. “डोंगरावर थंडी असते, घालेल बिचारी. पण म्हाताऱ्याला उठवून तिला कोणी बसवलं?”

“सिनेमा काढणाऱ्यांनी.”

“त्यांनी पुस्तक वाचलं होतं का? इथून जवळच्या आडुतुरैला कार्ड टाकलं तर उत्तराला आठवडा जातो. ताऱ्यावरून लगेच आलं?”

त्यांचा शब्द न् शब्द मला पटत होता. मी मान डोलावली. अक्कानं माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा ध्यानात आलं: हा चित्रपट पडला तर तिचाही पडला.

“तसा वाईट नाही, आत्या,” मी म्हणालो. “चित्रं स्पष्ट आहेत.”

“चित्रं स्पष्ट आहेत! कथा तूच सांगितलीस ना रे?”

उत्तरार्धात विमान जाळण्यात आलं आणि मुलीचं एका सैनिकाशी लग्न लागलं. बहिरा कोणीच झाला नाही.

निकाल घरी कॉफीच्या वेळी लागला. “पुस्तकावरून काढलेला सिनेमा,” आत्या म्हणाल्या, “या घरातल्या कोणी बघायचा नाही.”

मग अक्कानं पेला खाली ठेवला. “आत्या, तो तमिळ सिनेमा कोणत्याच पुस्तकावरून काढलेला नाही.”

“नक्की?”

“कशावरूनच नाही,” मी म्हणालो. “त्याला कथाच नाही.” पाहून आलेल्या सगळ्यांचं यावर एकमत होतं.

आत्यांनी विचार केला. “म्हणजे त्यात गाळण्यासारखं काही नाही.”

“काही नाही.”

“नाच?”

“आहे,” अक्का म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

“असू दे. निदान सगळा असेल.”

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी दोघी निघाल्या. मीही चप्पल घातली होती. आत्या उंबऱ्यात वळल्या. “तू घरीच बस. तू आलास म्हणजे वाटेत कथा सांगशील.”

कथा नाही, असं मी पुन्हा सांगणार होतो. अक्का तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती.