वेदरबींची भावकी

साताऱ्याहून निघताना बायकोने बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि एक वाक्य भरून दिलं होतं. "बघायला जाताय, मोडायला नाही." मेतकूट मेलबर्नच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईंनी उघडलं, हुंगलं आणि परत दिलं. वाक्य मात्र मी वाटेतच कुठेतरी सांडलं असणार.

बघायचा होता तो निखिल देशमुख. आमची मुग्धा मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात शिकायला आली, नोकरीला लागली आणि आता याच्याशी लग्न करते म्हणते. मुलगा अमरावतीचा, तोही शिकायलाच आलेला, आता ट्राम चालवतो. ट्रामला माझी हरकत नव्हती. हरकत होती आडनावाला, कारण आम्हीही देशमुखच. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. जन्मभर जमिनींच्या वारसनोंदी केल्या. एका आडनावाची दोन माणसं दिसली की त्यांच्यामध्ये रेघ ओढल्याशिवाय माझा हात राहत नाही. देशमुखांची मुलगी देशमुखांत द्यायची म्हणजे भावकीतच सोयरीक, असं माझं म्हणणं. देशमुखी हे वतन होतं, गावोगाव वेगवेगळ्या घराण्यांकडे होतं, हे बाबांनीच मला लहानपणी सांगितलंय, असं मुग्धाचं म्हणणं. पोरींना इतकं सांगू नये.

विमानतळावर निखिलच घ्यायला आला होता. "काका, बॅग द्या इकडे," तो म्हणाला. मी दिली नाही. पार्किंगपर्यंत ओढता ओढता तिचं एक चाक निघालं, मग दिली.

क्लेटनला परदेशात आल्यासारखं वाटेना. स्टेशनजवळ कढीपत्ता मिळतो, शेजारून फोडणीचा वास येतो आणि युनीतून (म्हणजे विद्यापीठातून) परतणारी पोरं हिंदीत भांडत जातात. मी मात्र कामाला लागलो होतो. निखिलला कुळदैवत विचारलं. त्याने लगेच अमरावतीला फोन लावला, आईला विचारलं. दैवत वेगळं निघालं. मी म्हटलं, घराणी गाव सोडतात, देवही बदलतात. तलाठ्याला हरकतींचा तोटा नसतो.

शनिवारी दोघांनी मला फिरायला काढलं. "बाबा, सोन्याच्या खाणींचं जुनं गाव आहे, दोन तासांवर. आर्व्होला (दुपारनंतर) निघू परत," मुग्धा म्हणाली. शहर संपलं तशी दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं लागली, मधूनच निलगिरीची झाडं आणि त्यांच्या सावलीत मेंढ्या. जमीन एवढी आणि बांधावर भांडायला माणूस नाही, हे बघून जीव हळहळला.

गावातल्या संग्रहालयाच्या पायऱ्यांवर एका मॅगपायने (कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी) माझ्या टकलावर झडप घातली. वसंतात घरट्याजवळ येणाऱ्या कुणालाही तो सोडत नाही म्हणे. निखिलने आपलं जॅकेट माझ्या डोक्यावर धरलं आणि स्वतः दोन चोची खाल्ल्या. मी आभार मानले, पण अगदी मोजून.

आत पहिल्याच दालनात एक फलक होता. एकोणिसाव्या शतकात सोन्यामागे धावत अमेरिकेतून इथे आलेले आणि गावात नाव काढलेले लोक. त्यांत तीन वेदरबी! एलायजा वेदरबी, घोड्यांच्या टपालगाड्या चालवणारा. सायलस वेदरबी, दातांचा डॉक्टर. आणि एमस वेदरबी, न्हावी, ज्याने गावाचा पहिला बँड उभा केला.

माझा हात शिवशिवला. माहितीपत्रकाच्या पाठीवर मी वंशावळ काढली. तिथल्या स्वयंसेवक बाई, जॉयस, जवळ आल्या तसं त्यांना मोडक्या इंग्रजीत समजावलं, "हे तिघे सख्खे भाऊ. थोरल्याकडे घोडे, म्हणजे इस्टेट त्याच्याकडे. मधला शिकला. धाकट्याला वाटणीत काही मिळालं नाही, म्हणून बिचारा न्हावी झाला." पाच-सहा पर्यटकही ऐकायला थांबले. मग मी निखिलकडे वळून मराठीत म्हणालो, "बघा. आडनाव एक म्हणजे रक्त एक. इथेसुद्धा!"

"फोटो पलीकडच्या खोलीत आहेत," जॉयसबाई हळूच म्हणाल्या.

सगळी वरात तिकडे गेली. एलायजा लाल दाढीचा गोरा. सायलसचे वडील जर्मन. मूळ आडनाव अमेरिकेत कुणाला उच्चारता येईना, म्हणून त्यांनी हे उचललेलं. आणि एमस काळाभोर, रुबाबदार, हातात कर्णा. मी ओढलेल्या तिन्ही रेघा हातात घेऊन उभा होतो. एक पर्यटक खोकला. मुग्धाने छताकडे पाहिलं.

"याला हे आडनाव कसं मिळालं?" मी विचारलं.

"याचे वडील गुलाम होते. वेदरबी हे त्यांच्या मालकाचं आडनाव," जॉयसबाई म्हणाल्या. "इथे आल्यावर एमसला ते टाकता आलं असतं. त्याने उलट दुकानाच्या पाटीवर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलं. आजही इथे वेदरबी म्हटलं की लोकांना तोच आठवतो. बाकीचे दोघे कुणाला माहीत आहेत, मेट (दोस्ता)?"

मला भयंकर लाज वाटली. ज्याच्या बापाला जनावरासारखं विकत घेतलं, त्याला मी घेणाऱ्याच्या वाटणीत धाकटा करून टाकलं होतं.

बाहेर बाकावर निखिलने डॅम्पर (निखाऱ्यावर भाजलेला, आपल्या रोडग्यासारखा जाड पाव) आणला. माझं डोकं त्याच्याच जॅकेटखाली होतं. मी म्हणालो, "मुग्धा, आडनावाचं काही नव्हतं गं. तू आता परत येणार नाहीस, त्याची भीती वाटत होती. ते बोलता येईना, म्हणून भावकी काढली."

मुग्धा मला चिकटून बसली. निखिल म्हणाला, "काका, मलाही वाटते ना ती भीती. माझी आई तिकडे एकटीच आहे."

हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. कुळदैवत तेवढं विचारलं होतं.

मी पेन काढलं, वंशावळीवर फुली मारली आणि म्हणालो, "हरकत निकाली. नोंद घ्या. पण मंजुरी घरच्या मंडळ अधिकाऱ्यांची लागते. साताऱ्याला फोन लाव."

मंडळ अधिकारी फोनवर म्हणाल्या, "तुम्ही विमानात बसलात त्याच दिवशी मी ब्लाउज शिवायला टाकलेत."

तुटक्या चाकाची बॅग ओढत साताऱ्याला परतलो, तेव्हा पेढ्यांच्या वासाने की काय, चुलतभाऊ बाळासाहेब आधीच येऊन बसले होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मी जन्मभर लोकांना विचारत आलो तेच विचारलं.

"पण जावई कुठले देशमुख?"

अमरावतीचे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. डोळ्यांपुढे जॅकेट धरून चोची खाणारा तो पोरगा आला, आणि बाकावर चिकटून बसलेली माझी लेक.

"क्लेटनचे," मी म्हणालो.